पुनर्विकासात मी कुठे बसतो? गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आपल्या कामाच्या व्यापातून हे पत्र वाचायला आपण पाच मिनिटं काढावीत, ही नम्र विनंती. मी बोरिवलीत राहतो, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत राहतो. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. पेढे वाटले गेले, आम्हालाही मिळाले. पेढ्यापाठोपाठ घरमालकीणबाईंचा फोन आला, "दोन महिन्यांत बघा काहीतरी." बाई वाईट नाहीत, निवृत्त शिक्षिका आहेत, बोलताना त्यांचाच आवाज बसला होता. पण त्यांना बिल्डरकडून दरमहा भाडं मिळणार, सामान हलवायचा खर्च मिळणार, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे मिळणार आणि तीन-चार वर्षांनी मोठं घर मिळणार. त्या घरात सहा वर्षं आम्ही राहतोय. गळणाऱ्या छताखाली बादल्या आम्ही लावल्या. आम्हाला पेढा मिळाला.

मुलगी दहावीला आहे, परीक्षा तोंडावर आली आहे. शाळा इथली, क्लास इथला, म्हणून घरही इथेच हवं. महिनाभर रोज संध्याकाळी जिने चढउतार केल्यावर गेल्या रविवारी एक वन बीएचके पटला. भाडं 34 हजार, डिपॉझिट दीड लाख, एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं. पाच हजार टोकन तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवलं. मंगळवारी सकाळी अंगठ्याचं मशीन घेऊन करारवाला येणार होता. आधार कार्डं, फोटो, सगळं टेबलावर मांडून मी रजा टाकून बसलो. साडेदहाला एजंटचा फोन आला, "सर, ते गेलं."

कुणाला गेलं ऐका. शेजारच्या गल्लीतल्या पुनर्विकासातल्या एका सभासदाला. सहा हजार जास्त देतोय आणि बिल्डरने वर्षभराचे चेक एकदम दिलेत. मी त्या माणसाशी स्पर्धा कशी करणार? तो स्वतःच्या खिशातून भाडं भरत नाही, बिल्डर भरतो. एकेका गल्लीत तीन-तीन इमारती एकदम पाडायच्या, सगळ्या सभासदांच्या हातात बिल्डरचे पैसे द्यायचे आणि सगळ्यांना त्याच दोन किलोमीटरच्या टापूत घर शोधायला सोडायचं, तर भाडं वाढेल नाही तर काय होईल? हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. टोकनमधले तीन हजार परत आले. उरलेले दोन "कागद बनवायला" गेले म्हणे. कुठले कागद, ते देव जाणे आणि तो एजंट जाणे.

4 जुलै 2019 चा सोसायट्यांच्या पुनर्विकासाचा शासन निर्णय मी दोनदा वाचला. 51 टक्के सभासद, सल्लागार, निविदा, सर्वसाधारण सभेचं चित्रीकरण, सगळं बारकाईने लिहिलंय. त्या भिंतींच्या आत प्रत्यक्षात कोण राहतं, याबद्दल एक ओळ मला सापडली नाही. सापडणार कशी? मी भाडेकरूच नाही. 'लिव्ह अँड लायसन्स' करारामुळे मी लायसन्सी आहे, म्हणजे ठरावीक काळ राहायची नुसती परवानगी मिळालेला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात माझी आठवण ठेवली आहे, नाही असं नाही. करार संपल्यावर मी घर सोडलं नाही, तर दुप्पट रक्कम वसूल करायची सोय कलम 24 मध्ये आहे. डिपॉझिट परत देताना मालकाने चार महिने टोलवाटोलवी केली, तर काय दुप्पट होतं? आमचा रक्तदाब.

साहेब, या शहरात प्रत्येकाकडे एक तारीख आहे. पागडीवाल्याला 1947 च्या कायद्यापासून संरक्षण आहे. झोपडीला फुकट घरासाठी 1 जानेवारी 2000 आहे, पैसे भरून 2011 आहे. (त्यांना मिळतं याचं मला दुःख नाही, मिळायलाच हवं.) फ्लॅट विकत घेणाऱ्याला 2017 पासून महारेरा आहे. माझ्याकडे अकरा महिने आहेत.

या अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांनी मी सतरा वर्षांत आठ घरं बदलली. परवा बायकोने जुन्या डायऱ्या काढून बेरीज केली. नुसत्या एजंटांना 1 लाख 45 हजार दिलेत. टेम्पो, रंगकाम, पंखे काढा-लावा, गॅसचा पत्ता, आधारचा पत्ता, हे धरलेलंच नाही. वर प्रत्येक सोसायटीत शिफ्टिंग चार्ज. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते ना-वापर शुल्क देखभाल खर्चातल्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, असा सरकारचा 2001 चा आदेश आहे. तो मी एका सेक्रेटरीला दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "तुम्हाला घर हवंय की आदेश?"

आणि घर बघायला गेल्यावरची मुलाखत! काय खाता? बांगडा खातो म्हटलं की चहाचा कप अर्ध्यावर थांबतो. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा सगळ्या पक्षांचे लोक धावले, कॅमेरे धावले. मग पुढे काय झालं? मला निदान मासळीपर्यंत तरी विचारतात. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची चौकशी आडनावापाशीच संपते. तो आता घर शोधताना आधी आडनाव सांगतो, म्हणजे रिक्षाचे पैसे वाचतात. कायद्याने काही होईल ही आशाही नाही. आपल्याच समाजाला सभासदत्व देणारे सोसायटीचे उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये एका पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध ठरवले आहेत.

घरं नाहीत असंही नाही. 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत, 2011 च्या जनगणनेच्या आधाराने, मुंबईत 4.8 लाख घरं रिकामी असल्याचं म्हटलं होतं. आता किती असतील ते तुम्हीच मोजा. आमच्या समोर बावीस मजल्यांचा टॉवर आहे. काल रात्री झोप येईना म्हणून मी दिवे मोजले. नऊ होते. मालक कुलूप लावून बसतात, कारण भाडेकरू बसला की उठत नाही ही 1947 पासूनची धास्ती. ती धास्ती घालवणं हे तुमचं काम होतं. केंद्राने 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला, तो लागू करणं राज्यांच्या हातात आहे. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको, भाड्याच्या तंट्यांसाठी वेगळं प्राधिकरण, मालकालाही संरक्षण. मंत्रालय त्यावर बसून काय उबवतंय?

मे 2025 मध्ये तुमच्या सरकारने नवं धोरण आणलं, 'माझे घर, माझे अधिकार'. 2030 पर्यंत 35 लाख घरं. त्यात भाड्याच्या घरांचाही उल्लेख आहे, वाचलं. पण एमएमआरडीएची 2008 ची भाडेघर योजनाही आम्ही वाचली होती. 160 चौरस फुटांची घरं, लाखोंनी होणार होती. त्यातली काही पनवेलजवळ कोनला गिरणी कामगारांना सोडतीत विकली गेली. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी गेले ते गेलेच. दीड लाखाहून जास्त अर्जांत त्यांचाही अर्ज होता. म्हणजे बापाचं घर सोडतीत, मुलाचं टोकनमध्ये. घराण्याची परंपरा आहे म्हणायची.

आता तुम्ही विचाराल, यात मतं किती? बरोबर आहे. दर दोन वर्षांनी वॉर्ड बदलणाऱ्याचं नाव यादीत कुठल्या पानावर आहे, हे त्यालाच माहीत नसतं. माझं अजून दहिसरच्या यादीत आहे.

मागणं फार नाही. पुनर्विकासाला परवानगी देताना आत राहणाऱ्या लायसन्सींचीही यादी घ्या. शाळेचं वर्ष संपेपर्यंत घर सोडायला लावू नका आणि टेम्पोचे पैसे बिल्डरकडून द्यायला लावा. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घाला. एवढं केलंत तरी पुष्कळ.

उत्तर द्यायचं झालं तर 31 डिसेंबरच्या आत द्यावं. नंतर पत्ता चुकेल.

आपला,
एक लायसन्सी, बोरिवली

ता. क. पत्र पुरं करता करता एजंटचा फोन आला. दहिसरला तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पाणी पहाटे 5 ते 6. अजून चारजण बघायला येतायत. टोकन घेऊन सातच्या आत या म्हणाला. निघतो.