आधी शेपटी पाहा, मग टोक

संपादक महोदय,

जुन्या बाजारात मिळालेल्या हत्यारांची छायाचित्रे हल्ली बरीच छापून येतात आणि पीळ असलेल्या कुठल्याही लोखंडाखाली सरसकट ‘गिरमिट’ असे लिहिलेले असते. ही गफलत टोकाकडे आधी पाहिल्याने होते. टोक झिजते, कुणीतरी घासून त्याचा आकारच बदलतो. शेपटी, म्हणजे पकडीत बसणारी मागची बाजू, सहसा मूळची राहते आणि हत्यार कशात बसत होते ते तीच सांगते.

चौकोनी, निमुळती शेपटी म्हणजे बहुधा सुताराच्या हातब्रेसचे, म्हणजे वाकड्या दांड्याने हाताने फिरवायच्या हत्याराचे, पान (भोक पाडणारा सुटा भाग). त्यावरचा 8 हा आकडा मिलिमीटरचा नव्हे. तो इंचाचे सोळावे भाग मोजतो, म्हणजे भोक अर्ध्या इंचाचे. मात्र लोखंडासाठीच्या रॅचेट ड्रिलच्या (दांडा मागेपुढे करून चालवायच्या ड्रिलच्या) पानालाही अशीच शेपटी असते, तेव्हा टोकाला मळसूत्र आहे का ते बघावे. असेल तर लाकडाचे. गोल निमुळत्या शेपटीला शेवटी चपटी जीभ असेल तर तो मोर्स टेपर, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या शेपटीचे ठरावीक मापाचे निमुळतेपण. जाड बाजू साधारण 12 मिमी भरली तर 1 नंबर, 17.8 मिमी भरली तर 2 नंबर. भाल्यासारखे चपटे, दोन्ही अंगांनी सारखेच घासलेले टोक दोरी-कमानीच्या सामत्याचे, कारण सामता उलटसुलट फिरतो. अधिकच्या चिन्हासारखे टोक असलेली कांब फिरवायची नसतेच: हातोडा मारायचा, थोडी वळवायची, पुन्हा मारायचा.

जाणकारही फसतात ते पोकळ ऑगरपाशी. शेपटी ब्रेसचीच, पण पुढे नळीसारखे डोके आणि तोंडाशी आडवे पाते. हे भोक पाडत नाही. चाकाच्या आऱ्याच्या टोकाला गोल कूस, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारा खुंटा, काढते. दुसरे म्हणजे हातभर लांब, बारीक पान, ज्याच्या टोकाजवळ आरपार छिद्र असते. ते छिद्र म्हणजे मोडतोड नाही. पान पलीकडे निघाले की त्यात घंटीची तार अडकवायची आणि पान मागे ओढताना तारही भोकातून ओढून आणायची.

चौकोनी शेपटी कापून ही पाने विजेच्या ड्रिलमध्ये बसवणाऱ्यांना मात्र हात जोडावेसे वाटतात. मळसूत्र दर फेऱ्याला पान आत खेचते. हाताच्या वेगाला ते सोयीचे; मोटरच्या वेगाला भुसा बाहेर पडायच्या आत पान रुतते आणि झटका मनगटाला बसतो. धारही धार लावायच्या फिरत्या चाकावर लावू नये. जुने कार्बन पोलाद निळे पडले की नरम झालेच. बारीक कानशीने कडेच्या काट्यांना (भोकाची कड कापणाऱ्या टोकावरच्या दातांना) फक्त आतून घासावे. बाहेरून घासले तर काट्यांचा घेर कमी होतो आणि पान भोकात आवळते.

कोरलेल्या सालावरून वय ठरवतानाही सावध असावे. ‘पेटंट’ शब्दापुढचे साल त्या युक्तीचे असते, तो नग कितीतरी नंतरचा असू शकतो.

छायाचित्र छापताना शेपटीचे एक जवळून घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्याआधी तारेचा ब्रश फिरवू नये. कोरीव अक्षरांवर खडू घासून वरचा पुसला की आकडे पांढरे उठून दिसतात.

— एक वाचक