भुरीचं बाळंतपण

लश्कर, ग्वाल्हेर

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी भुरी कुत्री व्याली. जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीमागे, पाच पिल्लं. 'वर खोलीत घे, दूध पाज' असा धोशा लावला आहेस, पण यातलं काहीच करणार नाही. जागा तिने निवडली आहे. हलवली तर एकेक पिल्लू तोंडात धरून ती भलतीकडे नेऊन ठेवील, आणि जानेवारीतली इथली पहाट तुला ठाऊक आहे.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. खाली गोणपाट, वर बाबांचं जुनं स्वेटर घातलंय. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एकाच बाजूला ठेवते, म्हणजे उकडलं तर सरकता येतं. एकावर एक चढून कुंकूं करत असली की समजायचं, गारठलीत. परवा एक वेगळं पडलं होतं, पोट हाताला गार. बाबा वाटी-चमचा घेऊन धावले. थांबवलं त्यांना, गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. शालीत पोटाशी धरून बसले. बऱ्याच वेळाने वळवळलं, तेव्हा मागच्या सडाला लावलं, तिथे दूध जास्त असतं. इवल्या पंजांनी पोट रेटत असं काही ओढायला लागलं! भुरी नुसती बघत होती, माझ्यावर गुरगुरली नाही. दूधवाल्यावर मात्र गुरगुरते.

गाईचं दूध पिल्लांना नको. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त असतात, शिवाय गाईच्या दुधाने हगवण लागते. खायला भुरीलाच घालायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागेल. भात, उकडलेली अंडी चालू आहेत. अंडी बाबा पिशवीत लपवून आणतात. आजीला सगळं माहीत आहे. शेजारच्या भाभींनी जच्चाचा, म्हणजे बाळंतिणीचा म्हणून गुळाचा हलवा आणला. प्रेमाचा, पण त्यात बेदाणे! कुत्र्यांना ते विषारी. वेचत बसले.

आता लक्ष तिच्यावर. सड कडक आणि गरम लागले, किंवा अंग थरथरून पाय ताठ पडायला लागले, तर रात्र असली तरी डॉक्टर. थरथर कॅल्शियम उतरल्याची असते, जिवावर बेतते. दूध जोरात असतं त्याच आठवड्यांत हा धोका जास्त.

पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतील, बोटांनी उघडायचे नाहीत. दोन आठवड्यांची झाली की जंताचं औषध डॉक्टरांना विचारून देईन. तुझ्या मैत्रिणीला पांढऱ्या कानाचं हवंय ना? आठ आठवड्यांच्या आत देणार नाही, म्हणजे होळी उजाडेल. तोवर पहिली लसही होईल.

पिल्लं सुटली की भुरीची नसबंदी. गल्लीत काहीजण तिला लांब सोडून या म्हणतात. त्यांना बाबांनी भटक्या कुत्र्यांबद्दलचे 2023 चे सरकारी नियम ऐकवले : नसबंदी आणि लस झाली की कुत्रं पकडलं तिथेच सोडायचं असतं. सध्या गप्प आहेत.

होळीला येताना जुने टॉवेल आण, आमचे संपले.

तुझी
आई