पंक्या, आधी घराचं पाहा

खामला, नागपूर

प्रिय पंक्या,

तुझी लक्झेंबर्गच्या नोकरीची ऑफर वाचली बे. पगार पाहून पुण्यात नाचून राहिला असशील, नाच, पण युरोला रुपयानं गुणणं पहिले बंद कर. मी तिथूनच सुट्टीवर घरी आलोय, इथे बसून निवांत सांगतो.

लक्झेंबर्ग देश म्हणजे 2,586 चौरस किलोमीटर, आपल्या नागपूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव हिस्सा, अन् तेवढ्यात घरांची मारामार. राजधानीच्या शहरात एका बेडरूमचे दीड-दोन हजार युरो सहज जातात. वरून दोन महिन्यांचं डिपॉझिट, एजंटची अर्धी फी. अन् घरमालकाला पाहिजे पक्की नोकरी, तू तर सुरुवातीला प्रोबेशनवर, मग तो काहून देईल लवकर? म्हणून कंपनीला आत्ताच विचार, पहिले काही महिने राहायची सोय करता का, लेखी घे.

आता तू म्हणशील बॉर्डरपलीकडे राहतो, स्वस्त पडते. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज दोन लाखांवर लोक कामाला येतात हे खरं, पण त्यातले बहुतेक युरोपियन पासपोर्टवाले. तुझं परमिट लक्झेंबर्गचं, त्यावर शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांत, दर 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिर, राहायला मात्र त्या देशाचं वेगळं परमिट लागते. गंमत म्हणजे शेंगेन हे गाव लक्झेंबर्गचंच, त्यासाठीचा 1985 चा करार तिथे मोझेल नदीत बोटीवर झाला.

मी तर म्हणतो शहराचा हट्टच सोड. एश किंवा एटेलब्रुक या बाहेरच्या गावांकडे पाहा. 2020 पासून देशभर बस, ट्राम, ट्रेन फुकट आहे, फक्त ट्रेनच्या फर्स्ट क्लासला पैसे पडतात, तो आपल्याला नकोच.

वहिनीचं म्हणशील तर फॅमिली परमिटवर तिला नोकरी करता येते, 2023 मध्ये कायदा बदलला. पण ऑफिसात इंग्रजी चालली तरी दुकानात, दवाखान्यात, बाहेरच्या बऱ्याच नोकऱ्यांमध्ये फ्रेंच लागते, म्हणून क्लास तिनं आजपासून लावावा, तिथे येऊन थंडीत कोणाचा उत्साह राहत नाही. छोट्याचं अवघड अन् सोपं दोन्ही. बालवाडीत लक्झेंबर्गिश, म्हणजे तिथली भाषा, बोलतात, वाचायला-लिहायला बहुतेक शाळांत जर्मनमधून शिकवतात, मग फ्रेंच येते. पोट्टे शिकून जातात रे, रडतो बाप.

रविवारी बरीच दुकानं बंद, सावजी विसर, मसाला मात्र मी इथून दोन किलो नेऊन राहिलो, वाटा देईन.

माझं मत विचारशील तर जा, पण घराचं लेखी आल्याशिवाय पुण्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नको. अन् कागदं काढ. जन्माचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, दोन्हीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागेल. लग्नाची नोंद महानगरपालिकेत केली होती ना, की तिथेही हॉलचा अल्बमच दाखवणार?

तुझा,
बंड्या