जावळाचा फोटो

ती. आई-बाबांस सा. न.

रविवारी घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो चुकलाच. सोफ्यावर पाच टकली डोकी आणि खाली 'मामाची मांडी न मिळाल्याने जावळ सलूनमध्ये उरकले'. मामाने अंगठा पाठवला, पण बाबा, तुम्ही दोन दिवस फोनवर आला नाहीत. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर केस पुंजक्यांनी उशीवर यायला लागले, म्हणून मशीन फिरवून घेतलं. वस्तरा लावू दिला नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट उतरलेले असताना बारीक कापलं तरी चिघळू शकतं.

आता ठरलेलं सांगतो, रागावू नका. १४ दिवसांनी एक असे एकूण १२ डोस, त्यातले ३ झाले. उरलेलेही परळच्या हॉस्पिटलातच घेणार आणि लालबागच्या खोलीतच राहणार. घर नकोसं झालंय असं नाही गं आई. ताप १००.४ झाला की तासाभरात दवाखाना गाठायचा असतो, शिरेतून अँटिबायोटिक लागतं. रात्री दोनला गावातून गाडी शोधत बाबांनी धावायचं का? आधी क्रोसिन घेऊनही चालत नाही, ताप झाकला जातो आणि खरं दुखणं कळत नाही.

दुसरं कारण खोलीतली, माझ्यासारखेच डोस घेणारी ही चार टकली. भेटायला आलेला प्रत्येक जण 'काही होत नाही रे' म्हणतो आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते. यांच्यापुढे ती लागत नाही. डोसचं लाल इंजेक्शन सिस्टर हळूहळू सोडते, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून 'कोकम सरबत आलं' अशी हाक येते. नंतर दिवसभर लघवीही लाल होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. पहिल्यांदा त्यांनीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. शेवटची सलाईन उजेडात खराब होते, तिला झाकून लावतात. तिचं नाव लाजरी.

पण वाट्टेल तेव्हा खिदळत नाही आम्ही. ज्याचं दुखणं, पहिला विनोद त्याचा. ज्याचा स्कॅनचा रिपोर्ट यायचाय त्याची थट्टा नाही. डोसनंतर तीन दिवस फक्त 'पाणी प्यायलास?' विचारायचं, उत्तरात 'हं' चालतं.

जेवणाची काळजी नको. डबेवाल्या ताई ताजं, गरम देतात. कोशिंबीर बंद, फळं सोलून खायची तेवढीच. तोंड आलं की ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच गुळण्या. तुझा मऊ भात आणि वर तूप मात्र इथे कुणाला जमत नाही. शाळेतून तापाने यायचो तेव्हा भरवायचीस तसा.

लग्नाचं, नातवंडांचं तू विचारणार होतीस आणि विचारलं नाहीस, कळलं मला. ती सोय पहिल्या डोसआधीच करून ठेवली आहे. कशी ते बाबा सांगतील. सांगताना त्यांचा चेहरा बघ.

आणि बाबा, साखरेसाठी सकाळी सदाफुलीची पानं चावणं आजपासून बंद. माझ्या डोसमधलं व्हिनब्लास्टिन त्याच झाडातलं. १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे दोन शास्त्रज्ञ साखरेवर सदाफुलीचा उपयोग होतो का ते पाहत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघतं, तेही मोजून, शिरेतूनच द्यायचं. तेव्हा काकूंचा काढाही माझ्यासाठी पाठवू नका. झाड उपटू नका, बिचारं.

पुढच्या डोसनंतर पाचव्या दिवशी या, तोवर मळमळ ओसरलेली असते. सर्दी असेल तर येऊ नका, मग कितीही वाईट वाटो. आई, गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, इथे दोन जिने आहेत. खोलीत टोप्या पाच जणांत तीनच आहेत, तेव्हा बाबांची जुनी माकडटोपी घेऊन ये.

तुमचा,
बाळ्या