जुलाबात मुलाचं पाणी तोडू नका

महोदय,

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत आजीबाईच्या बटव्यावर लेख येऊ लागतात. सर्दीला आल्याचा रस आणि मध, खोकल्याला तुळशीचा काढा, पोट दुखलं की बेंबीभोवती हिंगाचा लेप. माझी सगळी नोकरी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. यातलं बरंचसं मी माझ्या मुलांनाही दिलंय आणि त्यात काही वावगं नाही. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये, हे दर वेळी ठळक छापायला हवं.) पण ज्या आजारात घरचा उपाय खरोखर जीव वाचवतो, त्या जुलाबांबद्दल या लेखांत क्वचितच काही असतं. आणि आमच्याकडे नेमकं तिथंच उलटं चालतं.

'पोटात काही ठरत नाही, तर पाणी कशाला देता? दूध बंद करा.' हे मी घरोघरी ऐकत आले. वर 'दात येतायत, जुलाब व्हायचेच' अशी समजूत. मग सहाणेवर जायफळ उगाळायचं. बाळगुटीत जायफळाचा एखादा वळसा असतो, पण जुलाब थांबेनात म्हणून वळसे वाढत जातात. मूल गुंगून पडतं आणि घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपलं. गुंगलेलं मूल पाणी मागत नाही. टाळू खोल जाते, रडताना डोळ्यांतून पाणी येत नाही, लघवी कमी होते, पोटाच्या कातडीला चिमटा काढून सोडला तर ती सावकाश खाली बसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ या अवस्थेत दवाखान्यात पोचला. तो वाचला. पण त्याच्या आजीला मी ओळखत होते. नातवंडांसाठी जीव टाकणारी बाई. तिच्या मायेत काही कमी नव्हतं, पाणी तोडायचं नसतं एवढंच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

खरं तर आपल्या जुन्या माणसांकडे योग्य उपायही होता. मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, डाळीचं पाणी. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, तेच तोंडावाटे भरून काढायचे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात ग्लुकोज आणि क्षार मिसळून ते पिंपांतून द्यायला सुरुवात केली. पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. आयांनी आणि बहिणींनी पेल्याने पाजलेलं ते पाणी होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तरीही आज मूल जरा कोमेजलं की आपण डॉक्टरांकडे आधी सलाईनच मागतो.

आमच्या शाळेत चौथीच्या मुलांकडून मी हे पाणी करून घेत असे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. सोपं वाटतं, पण मुलांच्या हाती चमचा दिला की पहिल्यांदा शीग लावूनच भरतात. साखर जास्त झाली तर जुलाब वाढू शकतात आणि मिठाची शीग तर लहान बाळाला घातक आहे. म्हणून पट्टी आडवी फिरवून चमचा सपाट करायला शिकवायचे. मग चव घ्यायची: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. मुलं हे फार गंभीरपणे करतात. जेवणाच्या घंटेआधी साबणाने हात धुण्याची सवयही याच तासाला लावावी, कारण जुलाबाची सुरुवात बहुतेकदा हातांपासून आणि पाण्यापासूनच होते. नळापाशी साबण राहत नाही ही शाळांची नेहमीची तक्रार; आम्ही तो नायलॉनच्या जाळीत घालून तोटीला बांधत असू.

ओआरएसची, म्हणजे पाण्यात मिसळून पाजायच्या साखर-क्षारांची, पुडी मिळाली तर ती उत्तमच, पण एक लिटरची अख्खी पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात अंदाजाने चिमूटभर टाकायची नाही. आणि दुकानात मिळणारी गोड, फळांच्या चवीची पाकिटं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार आणि क्षार अपुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायला ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंदी केली, ते योग्यच झालं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला. खरी पुडी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मोफत मिळतात. जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस पुरं करायचं, ही गोष्ट बहुतेक घरांत अर्ध्यावर सुटते. अंगावरचं दूध तर एक वेळही बंद करू नये. मूल पीतच नसेल, सारखं उलटून टाकत असेल, सुस्त पडलं असेल किंवा शीतून रक्त जात असेल तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि आरोग्य विभागांनी मिळून जूनमध्ये शाळा उघडताच प्रत्येक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांकडून हे पाणी एकदा करून घ्यावं, त्या दिवशी आयांना आणि विशेषतः आज्यांना बोलवावं आणि जाताना प्रत्येकीच्या हातात ओआरएसची एक पुडी द्यावी. आपल्या दैनिकानेही पावसाळ्यातल्या आरोग्याच्या पानावर हे प्रमाण चौकटीत छापावं, म्हणजे कापून स्वयंपाकघरातल्या भिंतीला चिकटवता येईल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
अकोले, जि. अहिल्यानगर