वटवाघूळ आंधळे नाही

आपल्या अंकातील वटवाघळांविषयीच्या बातमीत ‘ही आंधळी पाखरे’ असा उल्लेख वाचला. वटवाघूळ पाखरू नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. आंधळेपणाचा समज मात्र हटत नाही.

१७९३मध्ये स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने डोळे निकामी झालेली वटवाघळेही न धडकता उडतात, हे दाखवले. ती कानांनी वाट काढतात, हेही त्याच्या लक्षात आले. पण त्यासाठी ती स्वतः काढत असलेला, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सापडायला १९३८ उजाडले. त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून त्यांना वाट कळते. मात्र हे तंत्र दिव्याभोवती किडे टिपणाऱ्या छोट्या वटवाघळांचे. वडा-पिंपळावर उलटी लटकणारी थोरली फळखाऊ वटवाघळे असे आवाज काढत नाहीत. त्यांची सारी भिस्त मोठ्या डोळ्यांवर आणि नाकावर.

आमच्या गच्चीत सकाळी देशी बदामाची कुरतडलेली फळे पडलेली असतात, वरचा गर तेवढा खाल्लेला. अंधारात पिकलेले फळ नेमके हेरणाऱ्याला आंधळे कसे म्हणावे?

हा शब्दांचा कीस नव्हे. आमच्या शेजारच्या सोसायटीने वटवाघळांच्या झाडावर रात्रभर प्रखर दिवा सोडला आहे. ‘त्यांना कुठे दिसतंय?’ हे त्यावरचे उत्तर! मंद उजेडासाठी घडलेल्या डोळ्यांवर तो झोत थेट पडतो. निदान तो दिवा जमिनीकडे वळवावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे