मे महिन्यात इकडे याच

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवत होते पण डोंगरात नेटवर्कच नाही, आई तुझा चेहरा मधेच अडकून बसला आणि बाबांचा नुसता आवाज येत होता, म्हणून आता घरी येऊन नीट लिहितेय. आई, बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तर आम्ही इनव्हरनेसहून निघालो आणि स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला वळसा घालून नऊ दिवसांनी परत इनव्हरनेसलाच आलो. या रूटला एनसी ५०० म्हणतात, ५१६ मैल, म्हणजे ८३० किलोमीटर. बाबा लगेच म्हणतील एवढ्याला नऊ दिवस? अहो पण बरेचसे रस्ते एकच गाडी जाईल एवढे, समोरून कोणी आलं की जवळच्या पासिंग प्लेसला थांबायचं, मग तो जाताना हात वर करून थँक्यू म्हणतो, दिवसभर हेच. ॲपलक्रॉसला जाताना बेअलाख ना बा म्हणून घाट लागतो, नावाचा अर्थ गुरांची खिंड, ६२६ मीटरवर नेतो आणि वळणं अशी की मला आपला करूळ घाट आठवला. मालवणला जाताना प्रत्येक वळणावर हॉर्न देणारे बाबा, मागे माझ्या उलटीसाठी पिशवी धरून बसलेली आई, आणि भडंगाचा डबा. तेव्हा तुम्ही पण दोघं दमत असाल हे मला या घाटात स्वतः स्टिअरिंग धरल्यावर कळलं.

बाबा, तुमच्यासाठी खास गोष्ट आहे. उलापूलच्या पुढे असिंट भागात सुलवेन नावाचा डोंगर आहे, फक्त ७३१ मीटर, पण सपाट माळावर एकटाच उभा, आपल्या किल्ल्यासारखा. त्याच्या पायथ्याचा करडा दगड म्हणजे लुइशियन नाइस, जुन्यात जुना भाग ३०० कोटी वर्षांचा! वर्गात तुम्ही सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा म्हणून सांगायचात आणि आम्हाला तेच केवढं वाटायचं. मी त्या दगडावर तळहात टेकवून बराच वेळ उभी होते, तुम्ही असता तर दुपार तिथेच गेली असती. नॉकन क्रॅग म्हणून जागा आहे तिथे जुना खडक नव्या खडकाच्या वर चढलेला दिसतो, पार्किंगपासून जवळच माहिती लावलीय, गुडघ्याला फार त्रास नाही.

राहायला आमचा तंबू होता. इथे २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायची परवानगी आहे, फक्त कचरा ठेवायचा नाही आणि लोकांच्या घरांपासून लांब राहायचं, पण आम्ही बहुतेक कॅम्पसाइटवरच राहिलो कारण गरम पाण्याची आंघोळ. डर्नेसला तंबू समुद्राच्या वरच्या कड्यावर होता, रात्री साडेदहाला सूर्य बुडाला आणि नंतरही काळोख असा पडलाच नाही. वारा इतका की तुमचे जावई दोन्ही हातांनी तंबूचा खांब धरून बसले आणि मी गॅसवर मुगाची खिचडी केली, आई तुझं मेतकूट घालून. इतकी चविष्ट खिचडी मी आयुष्यात खाल्ली नाही. जूनमध्ये मात्र मिजेस नावाची चिलटं डोळ्यात-कानात जातात, त्यांच्यापुढे काही चालत नाही.

डनेट हेडला गेलो, ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सगळ्यात उत्तरेचं टोक ते, गाडी थेट दीपगृहापर्यंत जाते, कड्यावर पफिन पक्षी बसलेले. आई ते रंगीत चोचीचे, तू टीव्हीवर बघून हसली होतीस ते.

परत येताना हेल्म्सडेलला एक पुतळा बघितला, तो मनातून जात नाहीये. १८-१९ व्या शतकात जमीनदारांनी मेंढ्या पाळायच्या म्हणून इथल्या दऱ्यांमधली गावंच्या गावं उठवली, लोक जहाजाने परदेशी निघून गेले, त्यांची आठवण म्हणून २००७ साली उभारलाय. बाप पुढे बघतोय, पोरगा बापाकडे बघतोय आणि आई, कडेवर बाळ, मान वळवून मागे सोडलेल्या गावाकडे बघतेय. मला कोणी हाकललं नव्हतं, मी आपणहून आले, तरी तिथे रडू आलं आणि कितीतरी वेळ गाडी सुरूच करता येईना. कोल्हापूर स्टेशनवर तुम्ही दोघं उभे होतात आणि मी मागे वळून बघितलंच नाही, बघितलं असतं तर निघता आलं नसतं.

म्हणून सांगतेय, पुढच्या मे महिन्यात याच. दरवेळी "एवढा खर्च कशाला" म्हणता, या वेळी ऐकणार नाही. मे मध्ये चिलटं कमी, पफिन असतात, दिवस मोठा. तंबूत नाही झोपवणार, उलापूल आणि डर्नेसला खाली रूम मिळेल असं लॉज बघते, रोज दोन-तीन तासांच्या वर गाडी नाही. बाबा पुढच्या सीटवर. आई, स्वेटर इथेच घेऊ, तू फक्त भडंग आण.

बाबांचा पासपोर्ट संपत आलाय ना, तो या आठवड्यात रिन्यूला टाका, मग व्हिसाचा फॉर्म भरू. पावती आली की फोटो काढून पाठवा.

तुमची,
माई